आकडे तेच, आयतालेख वेगळाच: केळीच्या वजनांचा हिस्टोग्राम बिघडतो कुठे आणि दुरुस्त कसा करायचा

तक्रार बहुतेकदा एकाच धर्तीची असते. घडांची वजनं तीच, फाइल तीच. पण एकाने काढलेला आयतालेख मधे टेकडीसारखा फुगलेला, दुसऱ्याचा करवतीसारखा, आणि तिसऱ्याच्या पडद्यावर डावीकडे एक जाडजूड खांब नि पुढे सगळं माळरान. मग वाद सुरू होतो, काटा खोटा की मोजणारा, की बागच तशी? रावेर-यावल-चोपडा पट्ट्यात केळीच्या नोंदी ठेवणारे, जिनिंगवर कापसाचा ओलावा लिहिणारे, दहावीला सांख्यिकी शिकवणारे, सगळ्यांचं घोडं इथेच अडतं.

बहुतेक वेळा काटा बरोबर असतो आणि बागेचाही दोष नसतो. वर्ग, म्हणजे '१५ ते २० किलो' असे आकड्यांचे गट, चुकलेले असतात. किंवा त्याहून साधं, खान्यात आकडा दिसतो पण कॉम्प्युटरच्या लेखी तो मजकूर असतो.

दुरुस्तीला हात घालण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. आयतालेख आणि स्तंभालेख दिसायला भाऊ-भाऊ, पण नातं लांबचं. स्तंभालेखात रावेर, यावल, चोपडा असे तालुके आडव्या अक्षावर कोणत्याही क्रमाने मांडता येतात. आयतालेखाचा आडवा अक्ष म्हणजे संख्यारेषा. १५ ते २० च्या शेजारी २० ते २५ च येणार, मधे फट नाही, अदलाबदल नाही. आणि वारंवारता, म्हणजे त्या वर्गात किती आकडे पडले, ती दाखवतं खांबाचं क्षेत्रफळ. सगळे वर्ग सारख्या रुंदीचे असतील तर उंची बघून भागतं, म्हणून ही गोष्ट विसरली जाते आणि पुढे महागात पडते.

खालच्या उदाहरणांसाठी हे वीस घड धरा. ताणकाट्यावर अर्ध्या किलोच्या खुणा आहेत, वजनं किलोत:

१४.५, १६, १७, १७.५, १८.५, १९, १९.५, २०, २०, २०.५, २१, २२, २२.५, २३, २४, २४.५, २५, २५, २६.५, २९

बेरीज ४२५, म्हणजे रास (घडाचं सरासरी वजन) २१.२५ किलोची. आकडे नमुन्यासाठी बनवलेले आहेत. पण हे वीसच आकडे कागदावर उतरवून ठेवा, कोणताही प्रोग्रॅम तपासायला पुढे कामाला येतील.

डावीकडे एकच खांब, पुढे मैदान

हा सगळ्यात जास्त दिसणारा बिघाड आणि सगळ्यात सोपाही. कुठेतरी टिंब राहून गेलेलं असतं. २२.५ च्या जागी २२५.

एक चूक एवढा घोळ का घालते ते बघण्यासारखं आहे. एक्सेलमध्ये २०१६ पासून हिस्टोग्राम हा तयार चार्ट मिळतो आणि 'ऑटोमॅटिक' ठेवला तर वर्गाची रुंदी तो स्कॉटच्या नियमाने ठरवतो: ३.४९ गुणिले प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप), भागिले आकड्यांच्या संख्येचं घनमूळ. समजा १२० घड आहेत, सरासरी २२ किलोच्या आसपास आणि प्रमाण विचलन ४ किलो. १२० चं घनमूळ ४.९३, म्हणून रुंदी येते २.८ किलो. ठीक आहे. आता त्यातला एकच आकडा २२५ करा. प्रमाण विचलन ४ वरून उडी मारून १९ वर जातं आणि रुंदी होते १३.४ किलो. दहा किलोपासून चौतीस किलोपर्यंतचे सगळे घड दोन खांबांत कोंबले जातात, मग १४ रिकामे वर्ग, आणि पार उजवीकडे एक बारीक ठिपका.

उपाय चार्टमध्ये शोधू नका. आकड्यांच्या कॉलमवर 'मिन' आणि 'मॅक्स' ही दोन फंक्शनं लावा. मॅक्स २२५ आलं की झालं काम. मिन शून्य आलं तर तो दुसरा रोग. वजन न घेतलेल्या घडापुढे कोणीतरी ० टाकलेलं आहे. न मोजलेल्याची जागा रिकामी ठेवायची, शून्य नाही. रिकामी खाना मोजणीतून सुटते, शून्य मोजलं जातं, आणि मग आयतालेखाच्या डाव्या टोकाला एक एकटा खांब उभा राहतो.

चूक वाटतो म्हणून आकडा सरळ पुसून टाकू नका. वहीतल्या मूळ नोंदीशी ताडून बघा. ३८ किलोचा घड विरळ असला तरी खरा असू शकतो.

घड १२०, पण खांबांची बेरीज ९७

२३ आकडे मजकूर होऊन बसलेत. '२२.५ कि.' असं खान्यातच लिहिलं, मागे एक स्पेस राहिली, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून चिकटवलं की हे होतं. ओळखायचं कसं? 'काउंट' फंक्शन फक्त आकडे मोजतं, 'काउंटए' भरलेल्या सगळ्या खान्या मोजतं. दोन्ही एकाच पट्ट्यावर लावा. उत्तरांत फरक आला तर तेवढे आकडे मजकूर आहेत. मथळ्याची खाना पट्ट्यात घेऊ नका, नाहीतर एकाचा खोटा फरक येतो. नजरेने ओळखायचं तर, संरेखन हाताने बदललं नसेल तर आकडा खान्यात उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे.

'किलो' दिसायलाच हवं असेल तर ते नंबर फॉरमॅटमधून दाखवा, खान्यात टाइप करू नका.

हाताने मोजलं तर वेगळं, एक्सेलने वेगळं

आता खरी गोम. याच्यावरून होणारे वाद सगळ्यात लांबतात, कारण दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतात.

वरचे वीस घड घ्या आणि वर्ग करा १०–१५, १५–२०, २०–२५, २५–३०. शाळेच्या पद्धतीने मोजा, म्हणजे वरची मर्यादा त्या वर्गात धरायची नाही, नेमका २० किलोचा घड २०–२५ मध्ये जातो. वारंवारता येते १, ६, ९, ४.

आता तेच आकडे एक्सेलच्या 'फ्रिक्वेन्सी' फंक्शनला द्या आणि मर्यादा सांगा १५, २०, २५, ३०. उत्तर येतं १, ८, ९, २. शेवटी एक ० सुद्धा येतं. तो ३० च्या वरच्यांचा जादा खाना, चूक नाही. हे फंक्शन वरची मर्यादा आत धरतं. २० किलोचा घड '१५ च्या वर, २० पर्यंत' या वर्गात पडतो. नेमके २० चे दोन घड आणि नेमके २५ चे दोन घड, हे चारच इकडचे तिकडे झाले. पण व्यवहारात बघा. '२५ आणि त्यावरचा माल किती' या प्रश्नाचं उत्तर एका लेखात वीसपैकी ४, म्हणजे २० टक्के, आणि दुसऱ्यात २, म्हणजे १० टक्के. भाव ठरत असेल तर हा फरक कोणी हसण्यावारी नेणार नाही.

वर्गमध्य धरून सरासरी काढली तर तीही हलते. पहिल्या मोजणीतून २१.५, दुसरीतून २०.५, आणि खरी २१.२५.

दुरुस्तीच्या दोन वाटा आहेत. पहिली, 'फ्रिक्वेन्सी'ला मर्यादाच जरा खाली द्या: १४.९, १९.९, २४.९, २९.९. काटा अर्ध्या किलोचा असल्याने १९.५ आणि २० च्या मधे काही येऊच शकत नाही, म्हणून १९.९ बिनधोक. काटा ५० ग्रॅमचा असेल तर १९.९ चालणार नाही, कारण १९.९५ हे खरं वजन असू शकतं. तिथे १९.९९ द्या. दुसरी वाट 'काउंटइफ्स'ची. त्यात '२० किंवा जास्त' आणि '२५ पेक्षा कमी' अशा दोन्ही अटी उघड लिहिता येतात. लांबलचक होतं, पण सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्याला नियम समोर दिसतो. कामाच्या फाइलींसाठी हीच वाट धरावी असं आमचं मत.

जुन्या एक्सेलमध्ये 'फ्रिक्वेन्सी' देताना उत्तराच्या सगळ्या खान्या आधी निवडाव्या लागतात आणि कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबावं लागतं. नुसतं एंटर दाबलं तर पहिलाच आकडा येतो आणि माणूस म्हणतो, बाकीचे घड गेले कुठे!

कोणता नियम 'बरोबर'? मोजणी ज्या कामासाठी आहे तो. '२५ व त्यावर' असा माल वेगळा काढायचा असेल तर खालचं टोक आत हवं. कापसाचं उलट आहे. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालतो, म्हणजे नेमके १२ असलेला कापूस चालणाऱ्यांत मोडतो. तिथे वर्ग '१० च्या वर, १२ पर्यंत' असाच हवा, म्हणजे वरचं टोक आत. एकदा ठरवलं की लेखाखाली एका ओळीत लिहून टाका: 'वरची मर्यादा वर्गात धरली आहे' किंवा 'धरलेली नाही'.

आर या प्रोग्रॅममध्ये मुळात वरचं टोक आत असतं. पायथन या भाषेच्या नमपाय या संचात खालचं टोक आत, फक्त शेवटच्या वर्गात दोन्ही टोकं आत. ज्या प्रोग्रॅमचा नियम ठाऊक नाही त्याला वरचे वीस आकडे आणि १०, १५, २०, २५, ३० या मर्यादा द्या. १, ६, ९, ४ आलं तर तो शाळेच्या वळणाचा. १, ८, ९, २ आलं तर एक्सेलच्या.

वर्ग १४.५ पासूनच का सुरू होतात?

एक्सेलचा तयार हिस्टोग्राम सगळ्यात लहान आकड्यापासून सुरुवात करतो. आपल्या वीस घडांना 'बिन विड्थ' (वर्गाची रुंदी) ५ दिली तर वर्ग पडतात १४.५ ते १९.५, १९.५ ते २४.५, २४.५ ते २९.५, आणि खांब ७, ९, ४. दुसऱ्या दिवशी १३ किलोचा एक घड वाढला की सगळे वर्ग सरकतात, आणि कालच्या लेखाशी आजचा जुळत नाही. 'दर वेळी वेगळाच दिसतो' या तक्रारीचं हे सगळ्यात नेहमीचं कारण.

आडव्या अक्षावर उजवं क्लिक, 'फॉरमॅट अ‍ॅक्सिस', 'अ‍ॅक्सिस ऑप्शन्स'. तिथे 'बिन विड्थ' ५ करा आणि 'अंडरफ्लो बिन' वर टिक करून १५ द्या. आता पहिला खांब '१५ किंवा कमी', पुढचे १५ ते २०, २० ते २५ असे गोल आकड्यांवर बसतात. 'ओव्हरफ्लो बिन' मध्ये ३० दिलंत की वरचं टोकही बांधलं जातं. या दोन टोकांच्या खांबांना मात्र रुंदीच नसते, ते 'इतके किंवा कमी' आणि 'इतक्याहून जास्त' असे उघडे वर्ग आहेत. त्यांची उंची शेजाऱ्यांशी तोलू नका.

अक्षावरच्या कंसांचा अर्थही इथेच सांगून टाकू. चौकोनी कंसाच्या बाजूचा आकडा वर्गात धरलेला, गोल कंसाच्या बाजूचा धरलेला नाही.

फणीसारखे दात

केळीची फणी नव्हे, केस विंचरायची. एक खांब उंच, एक बुटका, पुन्हा उंच, आणि हा ताल शेवटपर्यंत. लोक म्हणतात काटा अडकतोय. काटा ठीक आहे, वर्गाची रुंदी काट्याच्या खुणेच्या पटीत नाही.

काटा अर्ध्या किलोचा आणि वर्गाची रुंदी ०.८ किलो घेतली असं धरा. १० पासून सुरू करून प्रत्येक वर्गात कोणती वजनं बसू शकतात ते मोजा, खालचं टोक आत धरून. १० ते १०.८ मध्ये १० आणि १०.५, अशी दोन. १०.८ ते ११.६ मध्ये ११ आणि ११.५, दोन. ११.६ ते १२.४ मध्ये फक्त १२. मग १२.४ ते १३.२ मध्ये १२.५ आणि १३, दोन. १३.२ ते १४ मध्ये फक्त १३.५. दोन, दोन, एक, दोन, एक, आणि १४ पासून पुन्हा तेच. घडांची वजनं कितीही सारखी पसरलेली असली तरी या सापळ्यात दात पडणारच.

म्हणून रुंदी नेहमी खुणेच्या पूर्ण पटीत ठेवायची. अर्ध्या किलोच्या काट्याला १, १.५, २, २.५ किलो चालतील. ०.८ नाही, १.२ नाही, आणि 'ऑटोमॅटिक'ने काढलेली २.८३ तर मुळीच नाही. ऑटोमॅटिकला तुमच्या काट्यावरच्या खुणा दिसत नाहीत. त्याचा आकडा अंदाज म्हणून घ्या आणि जवळच्या सोयीच्या पटीवर आणा, २.८३ चं २.५ किंवा ३ करा.

रुंदी पटीत असूनही दात दिसले आणि ते फक्त २०, २५, ३० वर असतील, तर हात कॉम्प्युटरचा नाही, डोळ्यांचा आहे. काट्याची सुई १९.५ आणि २० च्या मधे थरथरते तेव्हा लिहिणारा २० लिहून मोकळा होतो. जनगणनेत वय विचारल्यावर तीस, पस्तीस, चाळीस असे गोल आकडे जास्त येतात, तीच ही सवय. लेख कितीही वेळा काढला तरी हे जाणार नाही, कारण खोट नोंदीत आहे. पुढच्या वेळी आकडा स्थिर दिसणारा इलेक्ट्रॉनिक काटा वापरा. झालेल्या नोंदींसाठी एक तोडगा आहे. वर्ग १७.५ ते २२.५, २२.५ ते २७.५ असे घ्या, म्हणजे २० आणि २५ हे ढीग वर्गाच्या मध्यावर येतात. २० ला टोकावर ठेवलं की आसपासचे खरे १९.५ आणि २०.५ वाले सगळे एकाच बाजूला ढकलले जातात. मध्यावर ठेवलं की निदान ते आपल्याच वर्गात राहतात.

किती वर्ग पाडावेत

यावर पानंच्या पानं लिहिली जातात. कामापुरतं एवढं पुरे. स्टर्जेसचा १९२६ चा नियम आहे: आकड्यांच्या संख्येचा २ पायाचा लॉगॅरिदम घ्या, त्यात १ मिळवा. १२० घडांना ७.९, म्हणजे ८ वर्ग. वजनं १० ते ३४ असतील तर २४ भागिले ८, रुंदी ३ किलो, आणि ती अर्ध्या किलोच्या पटीत बसतेही. भुसावळच्या मे महिन्यातल्या ३१ दिवसांच्या कमाल तापमानाला ६ वर्ग बस झाले. एकतीस आकड्यांना पंधरा वर्ग केले तर लेख पडक्या दातांचा दिसेल आणि त्यातला एकेक दात म्हणजे एखादा दिवस.

आकडे हजारांत असतील आणि एका बाजूला लांब शेपूट असेल तर स्टर्जेस फार कमी वर्ग सांगतो. तिथे फ्रीडमन–डायकोनिसचा नियम बरा: चतुर्थकांमधल्या (क्रमाने लावलेल्या आकड्यांचे चार सारखे भाग पाडणाऱ्या पहिल्या आणि तिसऱ्या खुणेमधल्या) अंतराची दुप्पट, भागिले संख्येचं घनमूळ. वर सांगितलेल्या २२५ सारख्या एखाद्या चुकीने तो सहसा डगमगत नाही, कारण चतुर्थकांना टोकाच्या एका आकड्याने फारसा फरक पडत नाही.

वर्ग असमान, आणि लेख खोटं बोलतो

जमीनधारणेचे आकडे आले की हे हमखास. कृषी गणनेचे गटच असमान आहेत: १ हेक्टरपर्यंत, १ ते २, २ ते ४, ४ ते १०, आणि १० च्या वर. समजा एखाद्या गावात ४०० खातेदार आहेत आणि गट असे पडले: १४०, १२०, ९०, ४८, २.

आडव्या अक्षावर खऱ्या रुंदीचे खांब काढले आणि उंची म्हणून हेच आकडे घेतले तर काय होतं बघा. पहिला खांब १ रुंद, १४० उंच, क्षेत्रफळ १४०. चौथा खांब ६ रुंद, ४८ उंच, क्षेत्रफळ २८८. डोळा क्षेत्रफळ वाचतो. म्हणजे १४० लहान शेतकऱ्यांच्या दुप्पट जागा ४८ जणांनी अडवली, आणि बघणारा म्हणतो, गावात बडे बागायतदारच जास्त!

उंची काढायची ती वारंवारता भागिले वर्गाची रुंदी. १४०, १२०, ४५ आणि ८. उभ्या अक्षावर 'खातेदार' नाही, 'दर हेक्टर रुंदीमागे खातेदार' लिहायचं. आता चौथ्या खांबाचं क्षेत्रफळ ६ गुणिले ८, म्हणजे ४८. हिशेब जुळला. दहाच्या वरच्या दोघांना वरचं टोकच नाही, त्यांचा खांब काढता येत नाही. लेखाखाली लिहा: '१० हेक्टरहून जास्त: २ खातेदार'.

एक्सेलचा तयार हिस्टोग्राम असमान रुंदी देत नाही. जुगाड असा: साधा कॉलम चार्ट घ्या, एकेका हेक्टरचे दहा कॉलम करा, आणि उंची भरा १४०, १२०, ४५, ४५, मग ८ सहा वेळा. 'गॅप विड्थ' शून्य, खांबांना कडेची रेघ नाही. खांब एकमेकांत मिसळून खऱ्या रुंदीचे आयत दिसतात.

खांबांमध्ये फटी

नुसती चित्रातली फट असेल तर कोणत्याही खांबावर उजवं क्लिक, 'फॉरमॅट डेटा सिरीज', 'गॅप विड्थ' शून्य. डेटा अ‍ॅनालिसिस टूलपॅक या एक्सेलच्या जोडसाधनातून काढलेल्या लेखात ही फट नेहमीच असते.

फट वर्गांतच असेल, म्हणजे १०–१४, १५–१९, २०–२४, तर वर्ग सलग करावे लागतात. १४ आणि १५ मधलं अंतर १, त्याचं अर्ध ०.५, म्हणून ९.५–१४.५, १४.५–१९.५, १९.५–२४.५. हे सगळ्या पुस्तकांत असतं. पण हा अर्धा डोळे मिटून लावू नका. आकडे जवळच्या पूर्णांकात लिहिलेले असतील तेव्हाच तो बरोबर. अर्ध्या किलोत मोजलेल्या वजनांचे वर्ग १०–१४.५ आणि १५–१९.५ असे असतात, अंतर ०.५, आणि दुरुस्ती ०.२५ ची. वयाचं तर वेगळंच. '१०–१४ वर्षं' ही पूर्ण झालेली वर्षं असतात. चौदा वर्षं अकरा महिन्यांचा मुलगाही १४ मध्येच लिहिला जातो. म्हणून वयाचा खरा वर्ग १० ते १५ आहे, ९.५ ते १४.५ नाही. इथे अर्धा वजा केला की अख्खा लेख सहा महिने डावीकडे सरकतो.

आडवा अक्ष शून्यापासून सुरू करायची गरज नाही. १० पासून वर्ग असतील तर सुरुवातीला नागमोडी खूण केली की झालं. उभा अक्ष मात्र शून्यापासूनच हवा. तो ५ पासून तोडला तर ६ आणि ९ मधला दीडपटीचा फरक चौपट दिसतो.

शून्याचा डोंगर

रोजच्या पावसाच्या ३६५ नोंदींचा लेख काढला की पहिला खांब छताला आणि बाकीचे जमिनीला. धुळ्याकडे असो की नंदुरबारकडे धडगावच्या डोंगरात, वर्षातले बहुतेक दिवस कोरडेच. यात चूक काही नाही, पण उपयोगही नाही. भारतीय हवामान विभाग २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झालेल्या दिवसाला पावसाचा दिवस धरतो. तेवढ्याच दिवसांचा लेख काढा, वर्ग २.५ पासून सुरू करा, खालचं टोक आत धरा, आणि उरलेले दिवस किती ते बाजूला आकड्यात लिहा.

याच्या उलट प्रकार कापसाच्या ओलाव्यात दिसतो. खरेदी केंद्राच्या वहीतल्या नोंदी १२ टक्क्यांवर भिंतीसारख्या कापलेल्या. लेख बरोबर आहे. १२ च्या वरचा कापूस घेतलाच नाही, मग तो वहीत येणार कुठून? असा लेख त्या केंद्राने घेतलेल्या कापसाचा असतो, शेतातल्या कापसाचा नाही.

दोन टेकड्या

१७ किलोला एक उंचवटा, २५ ला दुसरा, मधे दरी. आधी टेकड्या खऱ्या आहेत का ते तपासा. रुंदी तीच ठेवून वर्गांची सुरुवात अर्ध्या रुंदीने सरकवा, २ किलोचे वर्ग १० पासून असतील तर ११ पासून घ्या. मग रुंदी थोडी वाढवून बघा. दोन्ही वेळा दरी टिकली तर ती नोंदींतच आहे. एकदाच दिसून गेली तर वर्गांचा खेळ होता. तीस-चाळीस घडांच्या लेखात असल्या दऱ्या फुकट मिळतात.

टिकली तर बहुधा दोन वेगवेगळे माल एकाच कॉलममध्ये मिसळलेत. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आणि कांदेबाग (पावसाळा सरतानाची), पहिलं पीक आणि खोडवा, टिशू कल्चरची रोपं आणि कंदांची लागवड. अशा मिसळीची रास २१ किलो सांगण्यात अर्थ नाही, कारण २१ किलोचे घड त्यात कमीच आहेत. शेजारी एक कॉलम वाढवा, प्रत्येक घडापुढे 'मृग' किंवा 'कांदे', 'पहिलं' किंवा 'खोडवा' लिहा, आणि दोन लेख वेगळे काढा.

ते वेगळे काढताना वर्ग, रुंदी, सुरुवात आणि दोन्ही अक्षांची मापं तीच ठेवा. मृगाचे ३०० घड आणि कांदेबागाचे ८० असतील तर उभ्या अक्षावर संख्या नको, टक्के घ्या, प्रत्येक खांब भागिले आपापली एकूण. दोन्ही लेख एकाखाली एक ठेवा, २० ची रेघ २० च्या खाली येईल असे.